मेणात राहिलेलं

“गाणं संपलं तरी मी हात खाली करेपर्यंत तोंडातून आवाज काढायचा नाही, सिन्योरा. गाणं कुठं संपलं ते मेणाला कळत नाही.”

एर्सिलियानं मान हलवली आणि सोडून दिलं. इतकी वर्षं रंगमंचावर काढल्यावर गप्प कधी राहायचं ते एका यंत्रवाल्यानं शिकवावं? मिलानमधल्या त्या हॉटेलच्या खोलीत ती भिंतीतून आलेल्या कर्ण्यासमोर उभी राहिली. दिवस भरत आलेलं पोट आडवं येत होतं, म्हणून जरा तिरकी. कर्ण्यातून गेलेला आवाज पलीकडे मेणाच्या चकतीवर कोरला जायचा आणि त्या मेणावरून तबकड्या निघायच्या. वरचा सूर आला की सुई उडू नये म्हणून यंत्रवाला खांद्याला धरून तिला मागे ओढायचा.

शेवटी तो आंबट चेहऱ्यानं म्हणाला, की मेण बिघडलं. वाजवून बघायची सोय नव्हती, वाजवलं की मेण संपलंच. पुढच्या आठवड्यात या, म्हणाला. बाहेर लेओनिल्दे ब्राम्बाती टोपीची पिसं सारखी करत बसली होती. तिलाही तेच गाणं गायचं होतं.

पुढच्या आठवड्यात एर्सिलियाला डॉक्टरांनी अंथरुणातून उठू दिलं नाही. मग बाळंतपण झालं, पाठोपाठ घशाचा ताप आला. ताप गेला तेव्हा गळ्यात फक्त एक घरघर उरली होती. लेओनिल्देची तबकडी मात्र गल्लोगल्ली वाजू लागली. थिएटरात एर्सिलियाच्या भूमिकाही तिच्याकडेच गेल्या.

एर्सिलियाचा नवरा गौदेन्त्सिओ त्याच थिएटरात व्हायोलिन वाजवायचा. म्हणजे रोज संध्याकाळी रंगमंचाखालच्या वादकांत तो लेओनिल्देच्या पायाशी बसायचा. घरात गाण्याचं नाव काढायचं नाही, असं एर्सिलियानं त्याला बजावलं होतं.

आणि तरी हिवाळ्यात एका दुपारी तो उसनं यंत्र आणि एक तबकडी घेऊन आला. तबकडीवर नाव नव्हतं, नुसता कोरा पांढरा कागद. तान्हा चेल्सो तेव्हा रडून लाल झाला होता. एर्सिलिया त्याला घेऊन फेऱ्या मारत होती, गुणगुणत होती. तिचा खरखरता आवाज कानाशी आला की तो जास्तच तोंड फिरवायचा.

गौदेन्त्सिओनं चावी दिली. कर्ण्यातून एका बाईचा आवाज आला, बारीक, नाकातून आल्यासारखा. तेच गाणं होतं. चेल्सो रडायचा थांबला. मान वळवून कर्ण्याकडे बघू लागला आणि गाणं संपता संपता झोपला. अगदी शेवटी ती बाई हसली. लहानसं, पोटातून आलेलं हसू.

एर्सिलियाला ते हसू काट्यासारखं बोचलं. तिनं झोपलेल्या चेल्सोला पाळण्यात ठेवलं.

मग ते रोजचंच झालं. ती दाराशी हाताची घडी घालून उभी राहायची. गौदेन्त्सिओ एकदा तिच्याकडे बघायचा आणि नजर खाली घालायचा. चोर असाच बघतो, तिला वाटायचं.

खालच्या मजल्यावरच्या सिन्योरा अदालजीझाला तर बोलायला विषयच मिळाला. जिन्यात भाजीची टोपली कमरेवर घेऊन ती म्हणाली, “काय गं, सवत आणून ठेवलीय का घरात? नवऱ्याचं एक वेळ ठीक आहे, बाई. पण पोरगंही तिलाच भुललंय म्हणे.”

एर्सिलियानं हसून वेळ मारून नेली. वर येऊन तिनं चेल्सोला उचललं, छातीशी धरलं. त्यानं अंग ताठ केलं, रडत रडत कर्ण्याकडे हात केला.

नवरा तेव्हा व्हायोलिनच्या तारा आणायला बाहेर गेला होता. तिनं चेल्सोला पाळण्यात ठेवलं. तबकडी काढून स्वयंपाकघरात नेली आणि दगडी फरशीवर सोडून दिली.

गौदेन्त्सिओ आला तेव्हा ती शांतपणे चुलीवर मक्याच्या पिठाचा पोलेंटा ढवळत होती. “हातातून सटकली,” ती म्हणाली.

तो गुडघ्यांवर बसला. तुकड्याला तुकडा लावून बघू लागला. ते पाहून तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला.

“एवढं काय,” ती म्हणाली. “दुसरी आण. लेओनिल्देच्या तबकड्या कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा मिळतात.”

“लेओनिल्देच्या?” त्यानं वर बघितलं. “तू रोज दाराशी उभी राहायचीस. मला वाटलं, ओळखलंस, म्हणून बोलत नाहीस.”

तिच्या हातातला डाव थांबला.

“बिघडलेलं मेण म्हणून फेकून देणार होते. पाया पडून त्यावरून एकच तबकडी काढून घेतली. दुसरी नाही.” त्यानं हातातला तुकडा हलकेच खाली ठेवला. “गाणं संपल्यावर चेल्सोनं पोटात लाथ मारली आणि तू हसलीस ना, ते आत गेलं होतं. तेवढ्यामुळे नापास केली त्यांनी.”

पोलेंटा खाली लागलाय. दोघंही फरशीवर बसलीत, उठत कुणीच नाही. आतल्या खोलीत चेल्सो मघापासून रडतोय. तुम्ही तरी जरा जाऊन बघा त्याच्याकडे.