वाडीत शिकलेली पट्टी

पोटुशी सोमीच्या पोटावर चिकटवलेली तपासणीची पट्टी लाल झाली, तेव्हा ती वीटभट्टीवर भाकऱ्या भाजत होती. तिची सासू ठकी हिलम हिने तवा उतरवला आणि तिला थेट तालुक्याच्या दवाखान्यात आणलं.

डॉक्टर नवीन होते. त्यांनी सोमीचा रक्तदाब मोजला. "एकशे वीस. अगदी नॉर्मल आहे. घरी न्या."

"हिचा एरवी नव्वद असतो, साहेब," ठकी म्हणाली. "पट्टी पोराच्या वारेतलं रक्त वाहताना ऐकते. दोन दिवसांत झटके येतील, असं सांगतेय ती."

"पट्ट्या चुकतात, आजी."

"पहिल्या चुकायच्या. त्या शहरातल्या बायांवर शिकलेल्या. माझ्या लेकीला पट्टीनं नॉर्मल म्हटलं म्हणूनच घरी धाडलं होतं. ती गेली, पोटातलं पोरही गेलं. मग संशोधनवाल्या बाई आल्या, तेव्हा मी वाडीवाडी फिरले. चार हजार कातकरी पोटुशींनी पट्टी लावली, त्यांच्या नोंदी झाल्या. ही आमच्यावर शिकलीय."

डॉक्टरांनी वाकून लाल पट्टी पाहिली. मग त्यांनी सोमीचं रक्त आणि लघवी तपासायला पाठवली. अहवालात पट्टीचंच म्हणणं खरं निघालं, तसे ते उठलेच. तासाभरात सोमीला ऑपरेशनला घेतलं.

ठकी भिंतीला टेकून उभी राहिली. आतून रडणं ऐकू आलं, तशी ती खाली बसली.

डॉक्टर बाहेर आले. "मुलगी आहे. दोघी सुखरूप आहेत. आजी, मी तुम्हाला घरी पाठवलं असतं तर..."

"ते राहू द्या," ठकी डोळे पुसत म्हणाली. "पोर कुणावर गेलीय, ते सांगा."

"आवाजावरून तरी," डॉक्टर हसले, "तुमच्यावर."