तीन नंबरचं बटण

चार नंबरच्या प्रेसखाली धाकट्याच्या हाताचा चेंदामेंदा झाला, तेव्हा त्या प्रेसच्या बटणाशी ऑपरेटर उभा होता. "आईशपथ, मी बटण दाबलंच नाही!" तो ओरडत राहिला आणि धाकट्याचा थोरला भाऊ त्याला पान्याने बडवत राहिला. जबडा मोडला, दात फरशीवर पडले, तेव्हा कुठे लोकांनी थोरल्याला मागे ओढलं.

तिसऱ्या दिवशी कंपनीने प्रोग्रामर बाईंना बोलावलं.

"ड्रायव्हरमध्ये, म्हणजे प्रेस चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, मेमरीचा पत्ता एका घराने चुकत होता," दुपारी त्या म्हणाल्या. "तीनचं बटण दाबलं की कधीकधी हुकूम चारच्या घरात जायचा आणि चारची प्रेस खाली यायची. ऑपरेटर खरंच बोलत होता. त्या वेळी तीनवर कोण होतं?"

सगळे थोरल्याकडे बघायला लागले.

"आता दुरुस्त झालं?" त्याने विचारलं.

"हो. तीनचा हुकूम आता तीनलाच जाणार."

थोरला आपल्या रोजच्या जागेवर, तीन नंबरपाशी गेला. बाही वर सारून त्याने उजवा हात प्रेसखाली ठेवला.

"बाई, दाबा."