नऊचा ताळा

फोन दोनदा वाजला आणि पलीकडून कट झाला.

"कट केला?" द्वारकाबाईंनी पलंगावरून विचारलं.

"केला."

"अहो, नंबर तं बरोबर हाये ना?"

तात्यासाहेबांना रागच आला. औरंगपुऱ्यातल्या शाळेत सारी हयात गणित शिकवलेल्या माणसाला बायकोनं हे विचारावं! छत्री ते कुठंही विसरून येत, आकडा मात्र कधी विसरले नव्हते.

गोदा त्यांची एकुलती एक मुलगी. मनानं लग्न करून ती सुरतेला निघाली, तेव्हा ते दारातच म्हणाले होते, "तू इकडं फोन करायचा नाही. वाटलं तर मी करीन." तिनं रडत रडत आपला नवा नंबर सांगितला. तिच्यासमोर लिहून घ्यायला त्यांना कमीपणा वाटला. पण सवय ती सवय. तेवढ्या रागातही डोक्यात अंकांची बेरीज झाली, चोपन्न. म्हणजे या दहा अंकी संख्येला नऊने पूर्ण भाग जात होता.

पुढं द्वारकाबाईंनी अंथरूण धरलं आणि लेकीचा ध्यास घेतला. तेव्हा त्यांनी नंबर आठवून लिहिला, ताळा पाहिला. बरोबर चोपन्न.

"एक अंक जरी चुकीचा आठवला असता, तर नऊने भाग गेला नसता," ते म्हणाले. "नंबर पक्का आहे. पोरगीच दगड झालीय."

द्वारकाबाई छताकडे बघत हसल्या. "लहानपणी काय खेळायची हो त्या नऊशी! तुम्ही नऊनं भाग जाणारी मोठाली संख्या द्यायचे, ती अंक उलटेपालटे करायची. तरी भाग जायचाच. लई खिदळायची."

"झोप आता."

"उद्या परत लावा. म्हणावं, आई वाट बघतीय."

ते रोज लावत राहिले. फोन रोज कट होत राहिला. द्वारकाबाई गेल्या तेव्हा त्यांचं तोंड दाराकडं होतं. ते पाहून तात्यासाहेबांनी मुलीचं नाव घ्यायचं सोडलं.

सुरतेत कामाला असलेल्या, जवळच्या बिडकीन गावच्या कुणीतरी सांगितलं, तेव्हा गोदा दहाव्याला येऊन पोचली. रिकामा पलंग धरून ती हमसून हमसून रडली. तात्यासाहेब मात्र जवळ गेले नाहीत.

"आता कशाला आलीस? रोज फोन करत होतो. रोज कट केलास."

"तात्या, तुमचा एकबी फोन आला नाय. आईची शपथ. झोपताना उशाशी घेऊन झोपायचे मी."

"खोटं बोलू नकोस!" त्यांनी सगळा नंबर घडाघडा म्हणून दाखवला. "आणि शेवटी सात, दोन."

गोदानं झटकन मान वर केली.

"दोन, सात," ती म्हणाली. "शेवटी दोन, सात हाये, तात्या."

तात्यासाहेबांनी सवयीनं बेरीज केली. चोपन्न.