उघडं बेडं

गोदूने वालाच्या शेताच्या कुंपणातलं बेडं आपल्या हाताने उघडलं आणि आडवे बांबू काढून बाजूला ठेवले. आत वर्षभराचं कालवण फुलावर आलं होतं. बांधाआड तिचा दीर भागोजी पीक राखायच्या परवान्याची ठासणीची बंदूक घेऊन बसला होता.

"वयनी, येड लागलंय काय? सांबरं आत शिरली तं येक शेंग ऱ्हायची न्हाय."

"शिरली तं मारा म्हातारीला. न्हाय शिरली तं बंदूक घरी ठेवायची. कबूल?"

"कबूल." भागोजीला हसूच आलं. म्हसळ्याच्या पाहुण्यांना त्याने मटणाचं आवतण आधीच देऊन ठेवलं होतं.

म्हातारी म्हणजे फाटक्या कानाची सांबराची मादी. दिवस कलला की ती डोंगर उतरे, मागून तिच्या लेकी आणि पाडसं. गोदू दर साली कुंपणाबाहेर, रानाच्या अंगाला वालाचा एक पट्टा तिच्यासाठी पेरी. आत काटे आणि कुत्रं, बाहेर निवांत चारा, हे म्हातारी कधीच शिकली होती. बाकीची सगळी तिच्या मागे चालत. ती गेली तर ही बिनपुढाऱ्याची पोरं गावभरच्या वालात घुसतील, हे सांगून सांगून गोदूचं तोंड दुखलं होतं.

म्हातारी आली. तिने वारा हुंगला, पाय आपटला. उघड्या बेड्यापाशी थांबून मान आत घातली. भागोजीने नळी उचलली. गोदू जागची हलली नाही.

म्हातारीने मान बाहेर काढली आणि सरळ आपल्या पट्ट्याकडे गेली. मागची सगळी तिच्या पाठोपाठ गेली. बेड्याकडे एकानेही पाहिलं नाही.

भागोजी आ वासून त्यांच्याकडे बघत राहिला. तेवढ्यात मागे घंटा वाजली. भात निघालं की गुरं मोकळी सोडायची गावाची रीत. यंदा गुरं सोडायची घाई भागोजीलाच सगळ्यात जास्त होती. त्याची तांबी गाय गावाकडून आली, बेड्यातून आत शिरली आणि वाल ओरबाडू लागली.

गोदूने कमरेवर हात ठेवले.

"शिरली की हो भावजी. मारा आता."