निरोप पोचला

"उर्वीला कमी करायचं, हे सगळ्यांना मान्य आहे ना?" राजश्रीनं विचारलं.

पाच हात वर झाले. सहावा रामलिंगप्पांचा. तो जरा उशिरा आणि अर्धाच वर गेला.

उर्वी समोरच्या खुर्चीत मान खाली घालून बसली होती. त्यांच्या 'हाक' या संस्थेचं काम साधं होतं. लातूरला शिकवणीसाठी ठेवलेल्या पोरांची काळजी वाटली, की गावाकडचे आईबाप एका नंबरावर मिस्ड कॉल द्यायचे. लगेच जवळच्या कार्यकर्त्याच्या मोबाइलवर त्या पोराचा पत्ता यायचा. त्यानं खोलीवर जायचं, पोराला डोळ्यांनी बघायचं आणि मग घरी फोन करायचा. क्लासमधली नोकरी सोडून राजश्रीनं दोन वर्षांत साठ गावं अशी जोडली होती. नियम एकच. बघितल्याशिवाय 'बरं आहे' म्हणायचं नाही.

उर्वीनं म्हटलं होतं. नायगावच्या एका आईला, मुलीच्या खोलीवर न जाताच, "छान आहे, अभ्यास चाललाय" असं सांगून टाकलं होतं. मुलगी तेव्हा तापानं फणफणली होती. तिसऱ्या दिवशी मैत्रिणींनी दवाखान्यात नेलं, म्हणून वाचली.

"त्या फोनवर रडत होत्या," उर्वी म्हणाली. "मला वाटलं, आधी त्यांना धीर द्यावा, सकाळी जाऊन येऊ. मग माझीच परीक्षा आली."

"रामलिंगप्पा काकांकडे बघ," राजश्री म्हणाली. "भूकंपात दोनशे जणांचे फोन लावून दिले त्यांनी, एक पैसा न घेता. त्यांनी असं खोटं सांगितलं असतं तर?"

उर्वीनं रामलिंगप्पांकडे बघितलं. ते टेबलावरचा पेपर सरळ करत राहिले.

भूकंपाच्या साली औशाला त्यांचा एसटीडी बूथ होता. भूकंप झाला त्या दिवशी पडलेल्या गावांतली माणसं सकाळपासून ट्रॅक्टरनं, ट्रकनं, पायी येत होती. बूथसमोर रांग लागली होती. रामलिंगप्पांनी मीटरवर फडकं टाकलं आणि फोन लावत सुटले. तेव्हापासून तालुक्यात त्यांना 'फोनवाले अप्पा' म्हणतात. पुढं बूथ गेला, तिथं झेरॉक्स आणि रिचार्ज आलं, नाव राहिलं.

कुणाला माहीत नव्हतं ते एवढंच, की त्या दिवशी अकराच्या सुमाराला लाइन मेली.

रांगेत अजून चाळीसेक माणसं होती. सगळ्यात पुढं एक बाई होती, केसांत माती, हातात नंबराची चिठ्ठी. रामलिंगप्पांनी रिसीव्हर कानाला लावला. आत काहीच नव्हतं, साधी घरघरसुद्धा नव्हती. बाई त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

"लागला," ते म्हणाले. "निरोप पोचला, बाई. निघालेत ते."

बाई तिथंच खाली बसली आणि सकाळपासून पहिल्यांदा रडली. त्यानंतर पुढच्या माणसाला लाइन मेलीय असं सांगणं त्यांच्यानं झालं नाही. रांग संपेपर्यंत ते मेलेल्या फोनात बोलत राहिले. आठ दिवसांनी लाइन आली, तोवर चिठ्ठ्या गर्दीत कुठं गेल्या ते कळलंही नाही.

त्यातला एक माणूस मात्र डोक्यातून जात नव्हता. सटवाजी, तेरणाकाठच्या एका गावचा. त्यानं हैदराबादच्या भावाचा नंबर सांगितला होता. "भाऊ निघालाय," असं ऐकून तो समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर जाऊन बसला. चार दिवस बसला. हैदराबादच्या बाजूनं एसटी आली, की उठून उभा राहायचा. छावणीत चल म्हणून माणसं न्यायला आली, तर म्हणाला, "भाऊ यायलाय. चुकामूक व्हईल." ते चार दिवस रामलिंगप्पा मागच्या बोळातून जा-ये करत होते. पाचव्या दिवशी पायरी रिकामी दिसली, तेव्हा त्यांना सुटल्यासारखं वाटलं. त्याचीच लाज त्यांना सगळ्यात जास्त वाटे.

उर्वीला काढल्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी लातूरला 'हाक'चा मेळावा भरला. मंगल कार्यालय गच्च भरलं होतं. रामलिंगप्पांचा सत्कार होता. आधी राजश्रीनं नव्या कार्यकर्त्यांची नावं वाचली. एकेक जण उभा राहत होता.

"सटवाजी. यांची नात इथं बारावीला आहे. आजपासून ते आपल्याबरोबर."

पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा उठला. चेहरा पिकला होता, तरी ओळखायला वेळ लागला नाही. त्यानं रामलिंगप्पांना हात जोडले. वर हसलाही.

रामलिंगप्पांनी पुढं केलेली शाल बाजूला सारली आणि माईक घेतला.

"ही शाल माझी न्हाई," ते म्हणाले. "त्या दिवशी अकराला लाइन गेलती. म्या मेलेल्या फोनात बोलत व्हतो. चाळीस माणसांना खोटं सांगितलंय. उर्वीनं एकीलाच सांगितलं, तर तिला काढाया म्या हात वर केला."

राजश्री जागच्या जागी उभी होती.

"ह्या सटवाजींना म्हणलो, भाऊ निघालाय. चार दिवस उन्हात बसले हे. भावाला तर कुणी कळवलंबी नव्हतं."

ते स्टेजवरून उतरले, खुर्च्यांमधून वाट काढत गेले आणि सटवाजीच्या पायाशी वाकले. सटवाजीनं त्यांना अर्ध्यातच धरलं.

"उठा अप्पा. लाइन मेलीय, हे मला तवाच कळलं व्हतं."

"कसं?"

सटवाजीनं त्यांना शेजारच्या खुर्चीत बसवलं.

"भाऊ गणपतीला घरीच आलता. त्याच दिशी पहाटं माझ्याच हातानं मातीतून भाईर काढला त्येला. रांगेत समद्यांचं कुणी ना कुणी लांब व्हतं, माझं कुणीच उरलं नव्हतं. म्हून तोंडाला यील त्यो नंबर सांगितला. तुमी म्हणलाव, निघालाय... तवा चार दिस तरी त्येची वाट बघाय मिळाली."