जुन्या सर्व्हरला आवतन

राइस मिलच्या ऑफिसातले सगळे कम्प्युटर लोकेंद्रनं नव्या सर्व्हरला जोडले आणि जुना सर्व्हर बंद करून त्याचं झाकण उघडलं. "मामाजी, हा आता रिकामा डबा आहे जी. भंगारात टाका."

मिलमालक नंदलालचा जीव तुटला. लाइट गेली, उंदरांनी वायरी कुरतडल्या, तरी ऐन धानाच्या हंगामात या डब्यानं कधी दगा दिला नव्हता. त्याचा पंखा म्हाताऱ्या बैलासारखा धापा टाकायचा. लांब घरघर, मग टक्.

पोळ्याचा आदला दिवस होता. बैलांचे खांदे शेकून वाटीत थोडं हळद-तूप उरलं होतं. नंदलालनं ते सर्व्हरच्या पत्र्याला चोळलं, हात जोडले आणि बैलांना जेवायला बोलावताना म्हणतात तेच सवयीनं म्हणून गेला, "लय राबलास बापा. आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

लोकेंद्र हसला. ऑफिसला कुलूप लागलं.

दुसऱ्या दिवशी पोळा फुटला, बैल ओवाळून जेवू घातले, मग फुलचूर गावातल्या घरी माणसं पानावर बसली. पहिला घास उचलला आणि अंगणातून आवाज आला. लांब घरघर, मग टक्.

लोकेंद्रचा हात थांबला. "मामाजी, त्याचा पंखा तं मी काढून आणलो. माझ्या बॅगेत आहे."

आवाज सावकाश पायऱ्या चढला आणि लोटलेल्या दाराशी येऊन थांबला.

नंदलालचे डोळे भरून आले. तो बायकोला म्हणाला, "अवं, अजून एक पान वाढ. मीच बोलावलो त्याले."