परक्या घराचा वास

काळ्या बोक्यानं पंजा मारला तेव्हा नव्यानं आलेल्या बाळी मांजरीनं अंगसुद्धा चोरलं नाही. नाकावर रक्ताचा थेंब आला. बनाबाईनं लाटणं आपटलं. काळ्या मागं सरला, तशी ढवळी पुढं झाली.

"झालं ह्यांचं परत सुरू," आकाराम दारातून म्हणाला. हातात रिकामं पोतं. "सांजेला आल्यावर ही वरडली, तर लांब नेऊन सोडतो."

"अवं, शालनचं एवढंच ऱ्हायलंय आपल्याकडं."

"म्हणूनच. ही वरडली की मला पोरगीच वरडल्यागत वाटतंय."

पोतं उंबऱ्यावर टाकून तो गेला.

शालन. एकुलती लेक. कसबा बावड्यात दिलेली. दूध तापवताना पदर पेटला, सासरच्यांनी सांगितलं. पोलिसांनीही तसंच लिहून घेतलं. राख सावडायला गेलेली बनाबाई परतली ती पिशवीत मांजर घेऊन. शालन बसली की मांडीवर, निजली की कुशीत, अशी ही बाळी. गोठ्यात वैरणीमागं दडलेली सापडली. आणि शिवाजी पेठेतल्या ह्या दोन खोल्यांत आधीच दोन मांजरं.

तेव्हापासून तिघांना एकत्र नांदवायचे उपाय.

लोणी. शेजारची झुंबरबाई म्हणाली, पायाला चोळ, चाटता चाटता घर आपलं म्हणतंय. बाळीनं पाय चाटले नाहीत. अंगही चाटत नव्हती.

फडकं. एकच. काळ्याच्या गालावर, ढवळीच्या पाठीवर, मग बाळीवर. दोघं फडक्यावरच फिस्कारली.

"नवी सून आली तर सासूबी एवढी फुगत न्हाय," झुंबरबाई म्हणाली, आणि जीभ चावली. मग वाकून बाळीची पाठ हुंगू लागली. "बने, हिला वास मारतोय की गं. परक्या घराचा. तो गेल्याबिगर न्हाय घ्यायची ही दोघं हिला."

बनाबाईनं नाक लावलं. रॉकेल. लोळत असेल तिकडं स्टोखाली. बनाबाईच्या स्वतःच्या घरात भाकरीलासुद्धा तोच वास असायचा. तिनं पुढं विचार केला नाही.

पाणी. कढत नव्हे, कोमट. शिकेकाई. शालनला न्हाऊ घालायची तसंच, आधी मान, मग पाठ, डोळ्यांवर आडवा हात. एकदा. पुन्हा. परत एकदा. मोरीत तेलकट पाणी गोल फिरलं, गेलं. बाळी ओरडली नाही. बनाबाई मात्र लेक गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

दुपारी काळ्यानं बाळीचा कान हुंगला. पंजा उचलला. खाली ठेवला. आणि कान चाटायला लागला.

सांजेला आकाराम आला तेव्हा उंबऱ्यावरच्या पोत्यात तिन्ही मांजरं एकमेकांत गुंतून झोपली होती. तो चप्पल न काढताच खाली बसला. बाळीच्या पाठीवर हात फिरवू लागला.

"काय जादू केलीस गं?"

"जादू कसली? रॉकेलचा वास हुता अंगाला. पार निपटून काढला बघा. आता ऱ्हाऊ द्या तिला."

त्याचा हात थांबला.

"रॉकेल? त्यांच्यात कुठलं रॉकेल? विहीणबाईला वास सोसत न्हाय, म्हणून तर आपण लग्नात गॅस दिला."

बनाबाईनं बाळीला खस्सकन उचललं. पोटात, मानेत, कानामागं नाक खुपसलं.

शिकेकाई. नुसती शिकेकाई.